गणपती गेले, आता कुंड्या उपसा

आपल्याकडे बाग करायची हौस जूनमध्ये येते. पहिला पाऊस पडला की नर्सरीत गर्दी होते, झाडं लावतानाचे फोटो निघतात, गॅलरीत दोन-चार नव्या कुंड्या येऊन बसतात. भाद्रपद सरेपर्यंत त्या हौसेचं पाणी पाणी झालेलं असतं. कोथिंबीर सडलेली, टोमॅटोची पानं पिवळी, मिरची नुसतीच उंच वाढलेली आणि मातीवर हिरवं शेवाळ. मग घरातलं कोणीतरी निकाल देऊन टाकतं, "आपल्या गॅलरीत काही येत नाही."

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकण, तळेगावपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे, की येतं. आपण सुरुवात चुकीच्या महिन्यात करतो, एवढंच. घरच्या भाजीचा आपला खरा हंगाम दिवाळीनंतरचे चार महिने. आणि त्याची तयारी करायची ती विसर्जन ते दिवाळी या मधल्या दिवसांत. शेतकरी रब्बीसाठी रान तयार करतो ते याच सुमाराला. आपल्यातले निम्मे लोक तर शेतकऱ्याच्याच घरातून इथे नोकरीला आलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण कंपनीच्या शिफ्टमध्ये पंचांग विसरायला होतं, म्हणून आठवण.

पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन नसतं, पानं सतत ओली राहतात, बुरशीला रान मोकळं मिळतं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी मान्सून आपल्या भागातून परततो आणि आभाळ मोकळं होतं. मधला ऑक्टोबर हीटचा तडाखा सोसला, की पुढे दिवसा भरपूर ऊन आणि रात्री गारवा. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, टोमॅटो यांना हेच हवं असतं. बाहेर ही सगळी सोय निसर्ग फुकट करून देणार आहे. आपल्याकडून तयार हवी ती माती.

म्हणून पहिलं काम म्हणजे नर्सरीत जाऊ नका. आहेत त्या कुंड्या उपसा. पितृपक्षात नवी खरेदी करायची नाही असं आपल्याकडे मानतात. बागेपुरता तो नियम मला एकदम मान्य आहे. तो पंधरवडा नुसता आवराआवरीचा.

एक कुंडी घ्या. दोन दिवस पाणी देऊ नका, मग आडवी करून कडेने थोपटा. आतला गोळा सबंध बाहेर येईल. आता तो नीट बघा. खालच्या भोकाशी मुळांची पांढरी जाळी घट्ट विणली गेली असेल, तर पाणी कित्येक दिवस बाहेर गेलेलंच नाही. तळाची माती काळी-निळी पडून तिला गटारासारखा वास येत असेल, तर मुळं गुदमरून कुजली आहेत. आणि वरची दोन बोटं माती धुऊन जाऊन खडे उघडे पडले असतील, तर तीन महिन्यांच्या पावसाने खताचा सगळा अंश खाली वाहून नेला आहे. नत्र तर पाण्यात चटकन विरघळतं, ते सगळ्यात आधी जातं. पानं पिवळी पडतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, रोग नसतो. अशा झाडाला औषध फवारणं म्हणजे उपाशी माणसाला खोकल्याचं औषध पाजणं.

मोठी टिकाऊ झाडं, म्हणजे जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, गुलाब यांच्या मुळांचा गोळा सुरीने बाजूने आणि खालून अंगठाभर छाटा आणि नव्या मातीत पुन्हा बसवा. हे काम संध्याकाळी करा आणि नंतर आठवडाभर कुंडी सावलीत ठेवा. बाकी हंगामी झाडं उपटून टाका. जीव अडकवू नका. जूनमधला टोमॅटो सप्टेंबरात फळत नाही, तो फक्त पांढरी माशी सांभाळतो. उपसलेली माती ताडपत्रीवर पसरून उघडीप मिळेल तसं चार-आठ दिवस ऊन दाखवा. ढेकळं फोडा, जुनी मुळं काढून टाका. शंखी गोगलगाईंची अंडी सापडतील, साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी, झुबक्यात. ती ठेचून टाका. आत्ता कंटाळा केलात तर नोव्हेंबरात पालकाच्या कोवळ्या पानांना एका रात्रीत भोकं पडलेली दिसतील.

मग त्या जुन्या मातीत काय मिसळायचं? साधारण दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. बस. आपल्याकडची काळी माती चिकट, सुकली की भेगाळते. तिच्यात कोकोपीट, पालापाचोळ्याचा चुरा किंवा भाताचं तूस घातलं की ती मोकळी होते. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. नर्सरीतली लाल माती सुंदर दिसते, पण नुसती वापरली की पाटीसारखी घट्ट होते. शाडूच्या मूर्तीचं घरी बादलीत विसर्जन करून ती माती कुंडीत घालणारे आता बरेच झाले आहेत. भावना चांगली आहे, पण शाडू फार बारीक आणि चिकट असतो. तो एका कुंडीत न ओतता सगळ्या कुंड्यांत मूठ-मूठ वाटून टाका.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरी विरघळवण्याची एक पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने, दिलेली आहे. बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून त्यात मूर्ती ठेवायची. खाली चुनखडीसारखा साका बसतो आणि वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खतच. हे पाणी भरपूर पातळ करून शोभेच्या झाडांना घालायला हरकत नाही. मी ते भाजीला घालत नाही. मूर्तीच्या रंगात काय काय असतं याचा भरवसा नाही.

इथे आता आपल्या पट्ट्याची खास गोष्ट येते, आणि तिच्यासाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. बागकामाची पुस्तकं सांगतात, काहीही वाया घालवू नका, जुन्या वस्तूंत झाडं लावा. दुसऱ्या एखाद्या गावात हा सल्ला ठीक आहे. आपल्या गावात जुन्या वस्तू कारखान्यातून येतात.

निळे प्लास्टिकचे ड्रम घ्या. अर्धा कापला की दोन मस्त वाफे होतात, भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. अनेक वर्षं हे सगळं चिखली-कुदळवाडीत मिळायचं. तिथली भंगाराची गोदामं महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली, पण धंदा काही संपला नाही, पांगला. विकत घेण्याआधी ड्रमवरचं लेबल वाचा. लेबल खरवडून काढलेलं असेल तर तो ड्रम घेऊच नका. कूलंट, कटिंग ऑइल, थिनर, ॲसिड, प्लेटिंगची रसायनं ज्यात होती तो ड्रम कितीही वेळा निरमा लावून धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघत नाही. अशा रिकाम्या बॅरलना आपल्याकडचे नियमसुद्धा धोकादायक कचऱ्यातच धरतात. कारखान्याने ते अधिकृत ठिकाणीच द्यायचे असतात. ते तुमच्या गॅलरीत येता कामा नयेत, आणि त्यात पालक तर नकोच. ज्यात फळांचा रस, लोणचं, खाद्यतेल असं काही होतं तो ड्रम चालेल. खरं तर हॉटेलातून आणि किराणा दुकानातून मिळणारा १५ किलोचा तेलाचा डबा यापेक्षा शंभर पटीने बरा. खाली खिळ्याने सात-आठ भोकं पाडा, आतल्या धारदार कडा पक्कडीने वळवून घ्या, बाहेरून चुना लावा म्हणजे तापत नाही. दोन-तीन वर्षं आरामात जातो.

दुसरं, लाकडी पॅलेट. चाकणमध्ये ढिगाने पडलेले असतात, आणि फळ्या सुट्या करून खोका ठोकणं हे इथल्या कुठल्याही फिटरला डाव्या हाताचं काम आहे. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि काही रोमन अक्षरं डागलेली असतात. त्यात 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, वापरा. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते सोडून द्या. शिक्का काहीही असला तरी फळीवर तेलाचे डाग असतील तर ती वापरू नका. आणि गेटबाहेर काही न्यायचं तर रीतसर गेटपास करून. वाफ्यापायी नोकरी घालवू नये.

तिसरं, माती. शेडच्या मागची, रिकाम्या प्लॉटवरची, रस्त्याच्या कडेची माती फुकट दिसते म्हणून पोतं भरून आणू नका. भोसरी एमआयडीसीत फाउंड्र्या आहेत, त्यांची जळकी काळी वाळू भराव म्हणून कुठे कुठे पडलेली असते. तिच्यात साच्याचे चिकट पदार्थ आणि धातूचे कण असतात. जुन्या हमरस्त्यांच्या कडेला वेगळीच गोष्ट. आपल्या देशात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण मातीत बसलेलं शिसं पेट्रोलबरोबर निघून जात नाही. पुणे-मुंबई आणि पुणे-नाशिक हे रस्ते त्याआधी कित्येक दशकं धावत होते. भाजीसाठी माती आणायची तर चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यातल्या कुणा ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणा, आणि शेणखतही त्याच्याकडूनच. हायवेला लागून गॅलरी असेल तर पालेभाजी त्या बाजूला ठेवू नका. तिथे धूळ झेलायला कोरफड, क्रोटन, बोगनवेल बसवा आणि भाजी आतल्या बाजूला. खाण्याआधी पानं दोन पाण्यांतून नीट धुवा.

माती विकत न घेता घरीच करता येते, हे महाराष्ट्रात अनेकांना शिकवलं ते कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी. पेशाने गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी सामान्य शेतकऱ्यांना स्वतःच्या रानात प्रयोग करायला लावलं आणि शहरातल्या माणसांना नगरशेतीची वाट दाखवली. काडीकचरा, उसाचं चिपाड, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचीच सकस माती होते, हा त्या वाटेचा गाभा. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी तो जरूर धरावा. त्यात फायदा नुसता खताचा नाही, वजनाचाही आहे.

वजनाचं गणित करून बघा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर उंच वाफा नुसत्या मातीने भरला आणि पाऊस पडला, तर त्याचं वजन सुमारे ५०० किलो होतं. लोकांनी वावरायच्या गच्चीसाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक वापराचा भार धरतं तो चौरस मीटरला साधारण १५० किलो. म्हणजे तिप्पट झालं. स्लॅब लगेच कोसळणार नाही, पण भेगा आणि गळती कुणाच्या घरात उतरणार हे सांगायला नको. सोसायटीची कमिटी गच्चीवरच्या बागेला विरोध करते तेव्हा प्रत्येक वेळी तो खडूसपणा नसतो. मोठे वाफे स्लॅबच्या मध्यावर न मांडता कडेला, खाली बीम किंवा भिंत असेल तिथे ठेवा. विटांवर उचलून ठेवा म्हणजे खाली पाणी साचत नाही. आणि भरताना निम्म्याहून जास्त पालापाचोळा, कोकोपीट, कंपोस्ट असू द्या.

सावकाश वाचा, पुढचा मुद्दा उन्हाचा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. साधारण २३ सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो. आपल्याकडे मे ते जुलैच्या मधल्या काळात भर दुपारी तो डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र दुपारी बारालाही तो दक्षिणेच्या आभाळात बराच खाली, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. याचा अर्थ असा, की पावसाळ्यात सावलीत असलेली दक्षिणेची गॅलरी हिवाळ्यात उन्हाने भरते, आणि उत्तरेची गॅलरी पूर्ण अंधारी होते. त्यामुळे जूनमधली मांडणी तशीच ठेवू नका. टोमॅटो, वांगी, मिरची, वाटाणा दक्षिणेला न्या. पूर्वेच्या सकाळच्या तीन-चार तासांच्या उन्हावर मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना होतो. फक्त उत्तरेचीच गॅलरी असेल, समोर दुसरी बिल्डिंग उभी असेल, तर भाजीचा हट्ट सोडा. मनी प्लांट, नेचे, स्नेक प्लांट लावा आणि भाजीसाठी गच्चीवर कोपरा मागा.

आता बी. घटस्थापनेला आपण परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली माती पसरून धान्य पेरतो, नऊ दिवसांत ते तरारून येतं. जुनी माणसं याला बियाण्याची परीक्षा म्हणायची, आणि ती म्हण घरच्या बागेलाही लागू आहे. घटासाठी आणलेल्या मातीतली वाटीभर उरवा. मागच्या वर्षीची मेथी, धणे, पालकाचं बी, प्रत्येकी दहा दाणे एका पसरट डब्यात ओळीने पेरा. दहातले सात-आठ उगवले तर बी चांगलं. चारच उगवले तर दुप्पट पेरा किंवा नवीन आणा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, धण्यांना आठ-बारा दिवस लागतात. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून पेरा. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे आणि धणे चालतात, फक्त भाजलेले नकोत. पाकिटावर 'हायब्रिड' लिहिलं असेल तर त्या झाडाचं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका. पुढची पिढी तशी निघत नाही.

हस्ताचा पाऊस या दिवसांत येतो, साधारण २७ सप्टेंबरपासून पुढचे दोन आठवडे. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून फेर धरतात तो याच नक्षत्राचा. हा पाऊस दुपारी गडगडाटासह, तासाभरात धो धो पडून जातो. नुकतं पेरलेलं बारीक बी त्यात उडून जातं. म्हणून वाफ्यात थेट पेरणी हस्त ओसरल्यावर करा. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपं मात्र नवरात्रातच आडोशाला ट्रेमध्ये टाकून ठेवा. तीन-चार आठवड्यांत ती लावणीला येतात, म्हणजे बरोबर दिवाळीच्या सुमाराला. पावट्याचा वेल लावायला तोवर उशीर झालेला असतो, पण लावून बघायला हरकत नाही, दिवस लहान झाले की त्याला फूल येतंच. झेंडू दसऱ्यासाठी हवा होता तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लावायला हवा होता. यंदाचा बाजारातून आणा.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण थांबल्यावर. दुबळ्या, आत वळलेल्या, वाळक्या फांद्या बुडातून काढा. जोमदार चार-पाच ठेवा आणि त्याही गुडघ्याच्या खाली आणा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप देऊन. हात थरथरतो, पण छाटल्याशिवाय गुलाब फुलत नाही. सहा-सात आठवड्यांत पहिला बहर येतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, म्हणजे कार्तिकात लग्नाच्या वेळी ती काटकुळी न दिसता भरलेली दिसेल. मोगऱ्याला सध्या हात लावू नका, त्याची छाटणी थंडीत.

शेवंतीबद्दल विचारणारे दरवर्षी भेटतात : पानं हिरवीगार, पण कळी नाही. तिला खत वाढवू नका, रात्री खाली जाऊन वर बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोख लागतो. आपल्या सोसायट्यांत आणि कंपन्यांच्या कंपाउंडला रात्रभर एलईडीचे फ्लडलाइट जळतात. त्यांच्या उजेडात ठेवलेल्या शेवंतीला दिवस लहान झालाय हे कळतच नाही. कुंडी दिव्याच्या मागच्या कोपऱ्यात हलवा, किंवा संध्याकाळी सातला तिच्यावर खोका पालथा घाला आणि सकाळी काढा. ख्रिसमसच्या सुमाराला लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाचंही तेच.

पाणी हा आपला दुखरा विषय. २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, आणि मोशी, चिखली, रावेतकडच्या किती सोसायट्या टँकरवर आहेत हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. अशा ठिकाणी पाइप लावून कुंड्या भिजवणं शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. मातीवर पालापाचोळ्याचा दोन बोटं थर पसरा, पाणी निम्मं लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी द्या. आरओच्या पाइपातून वाया जाणारं पाणी रोज एकाच कुंडीत ओतू नका, क्षार साचून पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला वापरा. सोसायटीच्या एसटीपीचं पाणी लॉन आणि शोभेच्या झाडांना ठीक आहे, कच्च्या खायच्या पानांना देऊ नका. आणि नदीकाठी राहणाऱ्यांनी इंद्रायणीत किंवा पवनेत बादली बुडवायच्या आधी आळंदीच्या घाटावरचा तो पांढरा फेस आठवावा.

पाण्याचीच दुसरी बाजू डेंग्यूची. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्याचा काळ, आणि त्याचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची बशी ही त्याची लाडकी जागा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून दर आठवड्याला एक दिवस ठरवून सगळ्या बश्या ओता. नुसत्या ओतू नका, घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. त्याहून सोपं म्हणजे बश्या काढूनच टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. टायरमध्ये झाडं लावायची फॅशन आली आहे, ती मला बिलकूल पसंत नाही. टायरच्या आतल्या खोबणीतलं पाणी काढायला कुणाचा हात जात नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि मिरचीवर मावा हमखास दिसणार. पहिल्या दिवशी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने. आठवड्याने पुन्हा. एकाच फवारणीत कीड गेली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुस्तकांत पानगळ शरदात येते, ती थंड देशांची. आपल्याकडे झाडं उघडी होतात ती शिशिरात, जानेवारीपासून मार्चपर्यंत. तेव्हा प्राधिकरणातल्या रस्त्यांवर इतका पाचोळा पडतो की झाडूवाल्या ताई ढीग लावून दमतात, आणि कुठेतरी कुणीतरी काडी लावून मोकळा होतो. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात त्यासाठी ५,००० रुपयांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपयांचा दंड ठरवून दिला. दंड राहू द्या, पण तुम्ही जे जाळता तेच नोव्हेंबरात 'लीफ कंपोस्ट' म्हणून पाकिटात विकत घेता, याचा विचार करा. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाने लोकांनी चळवळ चालवली : ज्याच्याकडे पाचोळा जास्त त्याने पोत्यात भरून द्यायचा, ज्याला हवा त्याने न्यायचा. आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एवढं सहज होईल. आत्ता करायचं ते इतकंच, की तो भरून ठेवायला जागा आणि गोणपाटं तयार ठेवा, आणि नवरात्रातलं निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून फेकण्याऐवजी कंपोस्टच्या डब्यात घाला. दोरा, चमकी, प्लास्टिक आधी काढून.

शेवटचा मुद्दा दिवाळीच्या सुट्टीचा. आपल्या पट्ट्यातल्या कंपन्या दिवाळीत बंद राहतात आणि अर्धं गाव लातूर, जळगाव, बुलढाणा, सोलापूरच्या गाड्यांत बसतं. आठ दिवसांनी परत आल्यावर गॅलरीत वाळलेल्या काड्या सापडतात. त्यामुळे गावी जाणार असाल तर जाण्याआधी नाजूक पेरणी करूच नका. रोपांचे ट्रे शेजारच्या काकूंकडे ठेवा, फराळाच्या डब्याबरोबर. मोठ्या कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, भरपूर पाणी देऊन वर पाचोळा घाला. बादलीतून जाड सुती दोरीची वात कुंडीत सोडली की दोरी पाणी ओढत राहते, चार-सहा दिवस निभावतात. एकदा घरी असताना करून बघा आणि मगच तिच्यावर विसंबा.

मेथी, पालक, मुळा, लसूण हे सगळं परत आल्यावर पेरलं तरी उशीर होत नाही. उलट येताना गावाहून बी आणा. आईच्या, सासूच्या फडताळात चिंधीत बांधलेलं घेवड्याचं, पावट्याचं, तांबड्या भोपळ्याचं बी असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो असंच गावरान बियाणं जपल्याबद्दल. मागा म्हणजे मिळेल, आणि कोणत्या महिन्यात पेरायचं तेही विचारून घ्या, पाकिटावर ते लिहिलेलं नसतं. डिकीत जागा असेल तर एक गोणी कुजलेलं शेणखतही टाका. गावरान लसणाचे दोन गड्डे पिशवीत असू द्या. आल्या रविवारी जाड बाहेरच्या पाकळ्या सुट्या करा, टोक वर ठेवून चार बोटं अंतरावर तेलाच्या डब्यात खोचा आणि डबा दक्षिणेच्या उन्हात ठेवा.